बाई, तुमचा पानी येगला का?

पहिल्या वर्षी मी शाळेत स्वतःसाठी पाण्याचा जार आणायचे. वीस लिटरचा, तो निळसर असतो ना, तो. आसनगावला लोकलमधून उतरलं की स्टेशनबाहेरच्या दुकानातून घ्यायचा, जीपच्या टपावर टाकायचा आणि मग पुढे पाऊण तास धक्के खात पाड्यावर. घरून निघताना मुलुंडला सगळ्यांनी बजावलेलं की बाकी काय खायचं ते खा पण तिथलं पाणी पिऊ नकोस, आणि मला आधी एकदा कावीळ होऊन गेलेली त्यामुळे मीही घाबरलेलीच होते. ऑफिसच्या कोपऱ्यात स्टुलावर जार, वर स्टीलचा ग्लास पालथा. एक दिवस तिसरीतली एक मुलगी हजेरीपट आणून द्यायला आत आली, जारकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमचा पानी येगला का?"

मी डॉक्टरांचं कारण सांगितलं. ती बरं म्हणाली आणि गेली.

पण त्या दिवशी मी पहिल्यांदा मुलांच्या बाटल्या नीट बघितल्या. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या, लेबल निघालेल्या, तोंडाला दोरी बांधून दप्तराला लटकवलेल्या. आतलं पाणी फिक्या चहाच्या रंगाचं. सकाळी भरून आणलेलं ते पाणी खिडकीत ठेवून दिलं की दुपारपर्यंत वरचं जरा निवळायचं आणि तळाला अर्धं बोट गाळ बसायचा. मुलांना हे सगळं माहीत होतं. ती बाटली हलवायची नाहीत, अलगद तिरपी करून वरवरचं पाणी प्यायची आणि खालचं बाहेर जास्वंदीला ओतायची. आठ-आठ वर्षांची मुलं. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, घरी आई हंड्याचं तसंच करते ते बघून बघून आलेलं.

तर हा शहापूर तालुक्यातला पाडा. नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना परत कॅमेरे नकोयत. चाळीसेक घरं ठाकरांची आणि खाली ओहोळाकडे पंधरा-वीस घरं कातकऱ्यांची, सगळी मिळून साडेतीनशे-चारशे माणसं. २०१२ ते २०२३ मी तिथे झेडपीच्या शाळेत होते, मग ट्रान्सफर झाली. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. दरवर्षी एप्रिल आला की पेपरात तेच फोटो येतात, कोरड्या विहिरीत उतरलेली बाई, डोक्यावर तीन हंडे, आणि खाली लिहिलेलं असतं भीषण पाणीटंचाई. मला त्या टंचाई शब्दाचाच राग येतो. टंचाई म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं तिथे पाणीच नाही, माण-खटावसारखा दुष्काळी भाग असेल. अहो शहापूर-जव्हार-मोखाड्यात वर्षाला अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो! जून ते सप्टेंबर तिथे कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, ओहोळाला पूर आला की शाळेला सुट्टी द्यावी लागते. पण खाली सगळा काळा कातळ, वर हातभर माती आणि सगळीकडे उतार, त्यामुळे पडलेलं पाणी मुरतच नाही, पळतं. आणि पळून जिथे जातं तिथे धरणं आहेत.

मुंबईला पाणी देणारे सात तलाव आपण पावसाळ्यात रोज टीव्हीवर बघतो, आज इतके टक्के भरले, आज तानसा ओव्हरफ्लो झाला. त्यातले विहार आणि तुळशी तेवढे मुंबईत. बाकीचे पाच, तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा, ठाणे-पालघर-नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात आहेत. तानसा १८९२ चं, इंग्रजांच्या काळातलं, मोडकसागर १९५७ चं आणि मध्य वैतरणा अगदी अलीकडचं, २०१४ चं. सातही भरले की साडेचौदा लाख दशलक्ष लिटरच्या जवळपास साठा होतो आणि रोज ३८०० दशलक्ष लिटरच्या वर पाणी मुंबईला जातं, त्यातलं जवळजवळ निम्मं एकट्या भातसाचं. माझ्या मुलुंडच्या नळाला येतं तेही तिथूनच निघालेलं, भांडुपला शुद्ध होऊन. म्हणजे बघा, सकाळी साडेपाचला मी स्वयंपाकघरात शहापूरचं स्वच्छ केलेलं पाणी पिऊन निघायचे, शहापुरात पोचून पैसे देऊन जार घ्यायचे, आणि शहापूरची मुलं माझ्यासमोर बसून गाळ प्यायची. हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली, कारण रोजची धावपळ आणि कारण मी तसा विचारच केला नव्हता.

तालुक्यात फिरताना त्या मोठ्या पाईपलाईन दिसतात, आत माणूस उभा राहील एवढ्या. व्हॉल्व्हपाशी कुठे गळती असली की तिथे बायका कळशी लावून बसलेल्या असतात, कपडे धुतात, पोरांना आंघोळ घालतात. लाईनच्या अगदी कडेच्या काही गावांना त्यातलं पाणी मिळतंही, नाही असं नाही. पण आत डोंगरावरच्या पाड्यांना नाही. कोणाला विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, पाणी खाली आहे आणि पाडा वर, उचलायचं म्हणजे पंप, लाईट, बिल. हे खोटं नाही. म्हणून तर भावलीची योजना आली. भावली धरण इगतपुरीकडे, शहापूरच्या वरच्या अंगाला, तिथून पाणी उतारानेच खाली येईल, शहापुरातली ९७ गावं आणि २५९ पाडे. मंजुरी झाली, काम सुरू झालं, आमच्या पाड्यावर त्याबद्दल कितीदा बोलणं झालं. मी निघेपर्यंत तिथे थेंब आलेला नव्हता.

आता विहिरीचं सांगते.

फेब्रुवारी संपता संपता विहिरीचा तळ दिसायला लागतो. मग बायका ओहोळात झिरा खणतात, म्हणजे हातभर-दीड हात खड्डा, त्यात बाजूने पाणी झिरपत येतं आणि वाटीने किंवा करवंटीने ते हंड्यात भरायचं. एक हंडा भरायला अर्धा तास, कधी जास्त. दिवसा ऊन म्हणून आणि रात्री पाणी जरा जास्त झिरपतं म्हणून रात्रीच्या रांगा लागतात, रात्री दोनला बॅटरी घेऊन जायचं, पोरगी सोबत. ती पोरगी सकाळी माझ्या वर्गात डोकं बाकावर टेकवून झोपणार, आणि मी तिला काय म्हणून उठवणार? मार्च-एप्रिलमध्ये मुलींची हजेरी का कमी असते याचा खुलासा वरून मागवला जायचा. पहिल्या वर्षी मी लिहिलं पालकांची उदासीनता. तसंच लिहायची पद्धत होती. दुसऱ्या वर्षीपासून मी पाणी असं लिहायला लागले.

झिऱ्याचं पाणी गार लागतं आणि दिसायलाही बरं असतं. पण वरच्या अंगाला गुरं बसलेली असतात, माणसं प्रातर्विधीला जातात, संडास बांधलेत पण त्यात टाकायला पाणी कुठाय, आणि ते सगळं त्याच ओहोळात येतं. आपण म्हणतो शुद्ध पाणी, सुरक्षित पाणी. पाड्यावर पहिला प्रश्न असतो पाणी आहे का. शुद्ध आहे का हा दुसरा प्रश्न, आणि तिथवर कोणी पोचतच नाही.

मग टँकर. त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव, मग प्रस्ताव, मग पाहणी, मग मंजुरी, आणि हे होईपर्यंत एप्रिल अर्धा सरतो. टँकरचा हिशोब माणशी रोज २० लिटर. चारशे माणसांना ८००० लिटर, तोही रोज येईल असं नाही. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी ५५ लिटर. शहरांसाठी योजना आखताना १३५ लिटर धरतात. माणूस तोच आहे, तहान पण तेवढीच आहे, तरी कुठे राहतो यावर आकडा ठरतो, हे मला अजूनही पचत नाही.

टँकर आला की पोरं ओरडत शाळेवरून धावत सुटायची आणि मी पण जायचे त्यांच्यामागे. साठवायला टाकी नाही म्हणून टँकर विहिरीतच ओततात. जाड काळा पाईप काठावरून आत सोडायचा, पाणी वीस फुटांवरून धाडकन तळाला पडणार आणि तळाचा सगळा गाळ, सडलेला पाला, वर्षभर त्यात पडलेलं काय काय, ढवळून वर. निवळायला वेळ द्यावा तर विहिरीचा कातळ भेगाळलेला, ओतलेलं पाणी भेगांतून निघून जातं, म्हणून सगळ्या बायका एकदम पोहरे टाकतात, पोहऱ्याला पोहरा आपटतो, दोऱ्या गुंततात, भांडणं होतात. अर्ध्या तासात विहीर परत रिकामी. कातकरी बायका कडेला थांबायच्या, त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी, हा नियम कोणी केला माहीत नाही पण होता, आणि त्यांच्या हंड्यात यायचं ते पाणी नव्हतंच, पातळ चिखल होता. लुगड्याची घडी चौपदरी करून हंड्याच्या तोंडावर बांधायची आणि त्यातून गाळायचं. एका आजीचं पांढरं फडकं होतं खास त्यासाठी ठेवलेलं, ते मी बघितलंय, मधोमध ताटाएवढा तांबूस गोल डाग, कितीही धुतलं तरी न जाणारा.

आणि टीसीएल! टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर, खेड्यात सगळे टीसीएलच म्हणतात. हजार लिटरला पाच ग्रॅम, पाण्यात कालवून, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडायचं आणि अर्धा तास थांबायचं, तेव्हा कुठे जंतू मरतात. मग ओटी टेस्ट, पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. हे सगळं बरोबर आहे, पोस्टरवर छान लिहिलेलं असतं. पण ज्या विहिरीत पाणी अर्धा तास टिकतच नाही तिथे अर्धा तास कसा थांबायचा हे त्या पोस्टरवर नाही. आमचा जलसुरक्षक, म्हणजे ही पावडर टाकणारा, बिचारा एकटा माणूस, पाच पाडे त्याच्याकडे, पट्टी वसुली तोच, लाईटचं काम तोच, मोबदला अगदी तुटपुंजा आणि तोही थकलेला. पावडरची गोणी पावसाळ्यात दमट होऊन तिचे खडे झालेले, त्यात क्लोरीन किती उरला असेल. त्याला दोष द्यायला माझं मन कधी झालं नाही.

एक गोष्ट मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हती, बहुतेक शहरातल्या लोकांना माहीत नसते. पाण्याने आजारी पडण्याचा मोठा धोका मेमध्ये नसतो, तो जूनमध्ये असतो. पहिला मोठा पाऊस पडतो आणि आठ महिन्यांची सगळी घाण डोंगरावरून धुऊन ओहोळात आणि बिनकठड्याच्या विहिरीत येते. लोक खूश असतात, पाणी आलं, लांब जायला नको. सरकारी टंचाईचा काळ ३० जूनला संपतो, टँकर बंद, पेपरातले फोटो पण बंद, आता सगळीकडे धबधब्यांचे फोटो. आणि नेमकं तेव्हा पाड्यावर जुलाब-उलट्या सुरू होतात. वीटभट्टीवर गेलेली कातकरी कुटुंबं पण तेव्हाच परत आलेली असतात, भिवंडी-कल्याणकडून, सहा महिने भट्टीवर खड्ड्यातलं नाहीतर बोअरचं जे मिळेल ते पाणी पिऊन. ती माणसं उन्हाळ्यात पाड्याच्या टँकरच्या हिशोबात नसतात आणि भट्टीवर तर कुणाच्याच हिशोबात नसतात.

२०१५ च्या जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल, माझ्या वर्गातली चार मुलं एकदम आजारी पडली. त्यात ती जारवाली मुलगी, तेव्हा सहावीत होती. तिला तिच्या आजोबांनी पाठुंगळी घेऊन रस्त्यापर्यंत आणलं, अडीच किलोमीटर, चिखलातून, मी सोबत छत्री धरून. डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. दवाखान्यात सलाईन लागलं आणि ती वाचली. चौघंही वाचली. पण जीपची वाट बघत आम्ही त्या फाट्यावर चाळीस मिनिटं उभे होतो, आजोबा काहीच बोलले नाहीत, फक्त मधूनमधून तिच्या नाकाशी बोटं नेऊन श्वास बघायचे. वरून पाऊस नुसता कोसळत होता. चहूकडे पाणी.

जार मी तोपर्यंत बंद केला होता. शाळेत मोठं पातेलं चुलीवर ठेवून खिचडी शिजवणाऱ्या ताई आणि मी सगळ्यांसाठी पाणी उकळायला लागलो, दोन मडकी, एक आदल्या दिवशीचं गार झालेलं. सरपण मुलं आणायची. ते जेवढे दिवस जमलं तेवढे दिवस जमलं, सव्वाशे मुलांना रोज पुरेल एवढं पाणी उकळणं किती अवघड आहे ते करून बघितल्यावरच कळतं. मग एका दानशूर मंडळाने शाळेला आरओ मशीन दिलं. त्यांचा हेतू चांगलाच होता, मुंबईहून एवढ्या लांब गाडी घेऊन आले, मुलांना खाऊ वाटला. पण आरओला पाण्याचं प्रेशर लागतं, लाईट लागते, आणि ते बरंचसं पाणी वाया घालवतं. जिथे हंडा हंडा मोजून पाणी येतं तिथे ते मशीन प्लास्टिकच्या कव्हरात तसंच राहिलं. द्यायच्या आधी कोणी येऊन विचारलं असतं तर आम्ही सांगितलं असतं, आम्हाला झाकणाची मोठी टाकी द्या.

असंच त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याचं झालं, आठवत असेल. बायका खोल दरीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून हंडे घेऊन जातात तो फोटो सगळीकडे फिरला, मंत्र्यांनी लक्ष घातलं, जानेवारी २०२२ मध्ये लोखंडी पूल झाला. जुलैच्या पुरात तो वाहून गेला. पूल हवाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्या बायका दरी ओलांडत होत्या त्या पाण्यासाठी, आणि आपल्याला फोटोत दरी दिसली, हंडा दिसला नाही.

मग आलं जलजीवन मिशन. १५ ऑगस्ट २०१९ ला घोषणा झाली, २०२४ पर्यंत प्रत्येक ग्रामीण घरात नळ, आता ती मुदत २०२८ पर्यंत वाढवली आहे. मला या योजनेबद्दल वाईट बोलायचं नाही, कितीतरी गावांत खरोखर पाणी आलंय, बायकांचे हंडे उतरलेत, मी स्वतः बघितलेत असे पाडे. आमच्याकडे २०२२ मध्ये पाईप टाकले, प्रत्येक दारापुढे सिमेंटचा छोटा खांब आणि त्याला नळ. पोरं आठवडाभर नळ उघडझाप करून खेळली. टेस्टिंगच्या दिवशी पाणी आलं, सगळ्यांनी नारळ फोडले. पुढे ज्या विहिरीवर ती योजना होती तीच मार्चमध्ये आटली, जिच्याबद्दल मी एवढा वेळ लिहितेय तीच विहीर! पाण्याचा स्रोत तोच, फक्त त्याच्यापुढे पाईप आला. मी निघाले तेव्हा एका घरापुढच्या नळाच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं होतं, गुळगुळीत, व्यवस्थित, तोंड पूर्ण बंद. घरातल्या बाईने ते काढलंही नव्हतं. ती म्हणाली राहू दे ना बाय, तिची पोरां हायेत आत.

याच सुमाराला माझ्या भाचीचं लग्न होऊन ती कॅनडाला गेली, विनिपेगला. व्हिडिओ कॉलवर नळ सोडून दाखवायची, मावशी हे थेट पितात इथे, किती गोड लागतं बघ. मी सहज विचारलं की कुठून येतं तुमचं पाणी, तिला माहीत नव्हतं, मग आम्ही दोघींनी शोधलं आणि जे वाचलं त्याने मी हादरलेच. विनिपेगचं पाणी १९१९ पासून शोल लेक नावाच्या तलावातून येतं, दीडशेपेक्षा जास्त किलोमीटर लांब कालव्यातून, उतारानेच. आणि त्या तलावाच्या काठी आनिशिनाबे लोकांची वस्ती आहे, शोल लेक ४० म्हणतात, तिथले मूळ रहिवासी. शहरासाठी पाणी उचलायचं ठरलं तेव्हा त्यांची जमीन घेतली. एका नदीचं गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी शहराच्या बाजूला येऊ नये म्हणून बांध घातला, चर खणला आणि ते पाणी वस्तीच्या बाजूला वळवलं. त्या चरामुळे वस्तीची जमीन तुटली आणि चक्क बेट झालं. २०१९ मध्ये रस्ता होईपर्यंत येणंजाणं उन्हाळ्यात होडीने, हिवाळ्यात बर्फावरून. आणि १९९७ पासून तिथे पाणी उकळून प्या अशी सूचना लागली, ती उठली सप्टेंबर २०२१ मध्ये, त्यांचं स्वतःचं शुद्धीकरण केंद्र झालं तेव्हा. २४ वर्षं! तेवढी वर्षं त्याच तलावाचं पाणी विनिपेगच्या नळाला येत होतं.

चहाच्या रंगाचं पाणी हे वाचलं आणि मला खिडकीतल्या त्या बाटल्या दिसल्या.

कॅनडा काही गरीब देश नाही, कातळही आमचा नाही, पाऊस आमचा नाही. ओंटारिओत नेस्कांटागा म्हणून एक वस्ती आहे तिथे १९९५ मध्ये उकळून प्या अशी सूचना लागली, तीस वर्षं झाली. तिथल्या सरकारने २०१५ मध्ये वचन दिलं की मार्च २०२१ पर्यंत अशा सगळ्या जुन्या सूचना उठवू, बऱ्याच उठल्या पण सगळ्या नाहीत. तिथले लोक कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये आठ अब्ज डॉलरची तडजोड मान्य झाली. भाची म्हणाली मावशी तुमच्याकडे कोणी कोर्टात का नाही जात. मी म्हटलं जातात गं, मोर्चे पण निघतात, शहापूर तहसीलवर रिकामे हंडे घेऊन बायका दर उन्हाळ्यात बसतात. पण मनात आलं की आपल्याकडे अजून हे कोणी आपल्याला देणं लागतं असंच वाटत नाही. टँकर आला की उपकार झाल्यासारखं वाटतं, पाड्यावरच्यांनाही आणि पाठवणाऱ्यांनाही.

आता वाडा तालुक्यात गारगाई धरण व्हायचंय, ओगद्याजवळ, मुंबईला अजून ४४० दशलक्ष लिटर. आदिवासी गावं उठणार आहेत, तानसा अभयारण्यातलं जंगल बुडणार आहे. मुंबईला पाणी नको असं मी कशी म्हणू, मी तिथेच राहते, आणि मुंबईतही झोपडपट्टीत पाण्यासाठी रांगा आहेतच. पण मला एवढंच म्हणायचंय की त्या धरणाचा पहिला पाईप वर पाड्यांकडे जाऊ दे, मग खाली. कागदावर नाही, खरोखर, आधी तो, मग मुंबईचा. यात मोठी इंजिनिअरिंग नाही. ३८०० दशलक्ष लिटर शंभर किलोमीटर नेता येतं तर ८००० लिटर तीनशे फूट वर का नाही?

आणि सगळीकडे धरणाचंच पाणी लागतं असंही नाही. आमच्या शेजारच्या पाड्यावर वर डोंगरात एक जिवंत झरा आहे, मेमध्ये पण करंगळीएवढी धार असते. तिथल्या पोरांनी एका इंजिनिअरच्या मदतीने झऱ्याला सिमेंटचं बंदिस्त कुंड केलं, वर झाकण, जाळी, गुरं आत येऊ नयेत म्हणून भोवती काट्याचं कुंपण, आणि तिथून दीड इंची पाईप उतारावरून थेट पाड्यातल्या टाकीत. पंप नाही, लाईट नाही, बिल नाही. रात्रभर करंगळीएवढी धार साठली की सकाळी टाकी भरलेली. जंगलातून पाईप जातो म्हणून काम मध्येच अडलं होतं, सात-आठ महिने. मग कोणीतरी सांगितलं की वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये पिण्याच्या पाण्याची सोय आणि पाईपलाईन येते, एक हेक्टरच्या आत जागा हवी, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं पडता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी, एवढंच. इथे तर एकही झाड पडत नव्हतं. ग्रामसभा झाली, बायकांनी हात वर केले, ठराव गेला, परवानगी आली. हा कायदा २००६ चा आहे. ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत हे एक वाक्य पोचायला एवढी वर्षं लागली म्हणून मी इथे मुद्दाम लिहून ठेवतेय, कुणाच्या उपयोगी पडलं तर घ्या.

आमच्या पाड्यावर असा झरा नाही. तिथे बोअरवर सोलर पंप बसवायचं चाललंय असं ऐकते.

ती जारवाली मुलगी आता एकवीस वर्षांची आहे. लग्न होऊन दोन पाडे पलीकडे गेली, एक मुलगा आहे तिला. तिथे पाणी तपासायला गावातल्या पाच बायकांना ट्रेनिंग देतात त्यात तिचं नाव आहे, किट मिळालंय. मागच्या महिन्यात तिने मला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, एक छोटी काचेची बाटली, एचटूएस व्हायल म्हणतात तिला, त्यात पाणी भरून ठेवायचं आणि एक-दोन दिवसांत ते काळं झालं तर त्यात घाणीतले जंतू आहेत. ती बाटली काळीकुट्ट झालेली. चुलीशेजारच्या फळीवर ठेवलेली, मागे बाळाची दुधाची वाटी दिसत होती. खाली तिने लिहिलेलं, बाई आता हे कोणाला दाखवू?

मी तिला फोन केला. म्हटलं, ग्रामपंचायतीत तोंडी सांगू नकोस, अर्ज लिही, बाटलीचा फोटो जोड, तारीख घाल आणि एका कॉपीवर पोच घे सही-शिक्क्याची. अर्ज आम्ही फोनवरच लिहिला, मी सांगत होते, ती लिहीत होती, अक्षर अजून तसंच आहे तिचं, गोल गोल. तिने पोच घेतली. चार दिवसांनी टीसीएल टाकलं विहिरीत. बाळाचं पाणी ती उकळतेय, बाकीच्यांचं नाही, एवढं सरपण नाही. येत्या सोमवारी ती दुसरी बाटली लावणार आहे.